दुसऱ्यांच्या लग्नांतला आवाज

माझा धाकटा भाऊ लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. आमचं गाव माले. तिथून पौड, पिरंगुट, भरे आणि पार भुकूमच्या लॉन्सपर्यंत त्याला बोलावणी यायची. लग्न, हळद, बारसं, जत्रा, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा, तो कशालाच नाही म्हणायचा नाही. घराच्या मागच्या खोलीत त्याने स्टुडिओ केला होता. एका भिंतीला निळा रंग, कोपऱ्यात लाइटचे स्टँड आणि टेबलावर भलामोठा काळा कॉम्प्युटर. त्यावर तो एडिटिंग करायचा.

मी त्याची मोठी बहीण. शिकले, हिंजवडीत नोकरीला लागले, आणि तिथून कंपनीने मला नेदरलँड्सला पाठवलं. घरी आई, आबा आणि तो. त्याच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. फोनवर मी चिडवलं की म्हणायचा, "पोरगी मिळंल गं ताई. माझ्या लग्नाचं शूटिंग कोन करनार, हा खरा प्रश्न हाय."

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. अंगावर काढला, कारण आषाढाच्या आत उरकायची म्हणून दोन लग्नं राहिली होती. मग दवाखान्यात नेलं तर डेंग्यू निघाला. आबांचा पहिला फोन आला तो "ॲडमिट केलंय, काळजी करू नगं" असा. दुसऱ्या फोनवर त्यांना बोलताच येईना. फोन शेजाऱ्यांनी घेतला.

मी घरी पोचले ती सावडायच्या दिवशी. माझ्यासाठी थांबणं शक्य नव्हतं, कुणाचीच त्यात चूक नव्हती. पण त्याचं तोंड मला बघायला मिळालं नाही, आणि ते कुणाला सांगूनही उपयोग नव्हता.

दहाव्याच्या आधी भिंतीवर लावायला त्याचा फोटो शोधायला बसलो. घरात कॅमेरे, लेन्स, मेमरी कार्डांचे डबे, आणि त्याचा मात्र एक धड फोटो नाही. आख्ख्या मुळशी तालुक्याचे फोटो त्याने काढले, त्याचा कुणी काढला नाही. शेवटी लायसन्सवरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो घाबरल्यासारखा दिसतो. आई त्या फोटोला हार घालते, पण त्याच्याकडे बघत नाही.

स्टुडिओच्या कपाटात हार्ड डिस्क भरलेल्या होत्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, चार महिने भिंतींना ओल असते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढते. त्याने त्या डिस्क प्लॅस्टिकच्या डब्यांत घट्ट बंद करून ठेवल्या होत्या. एक डिस्क मी सहज त्याच्या कॉम्प्युटरला लावली. कुणाच्या तरी हळदीचं कच्चं शूटिंग होतं, एडिटिंग न केलेलं. नवरदेव पाटावर बसलाय, बायका हळद लावतायत, आणि कॅमेऱ्यामागून माझ्या भावाचा आवाज आला. "मामी, जरा बाजूला व्हा की. नवरदेवाचं तोंडच दिसंना."

आई चुलीपाशी होती. हातातलं तसंच टाकून ती दारात येऊन उभी राहिली.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. ती खाली बसली. मामी बाजूला झाल्या, नवरदेव हसला, आणि भाऊ म्हणाला, "हां, आता कसं." मग त्याचा हात चौकटीत आला आणि नवरदेवाच्या कपाळावरचं मुंडावळ्यांचं टोक सरळ करून गेला. मनगटाला लाल दोरा होता. आईने तोंडाला पदर लावला. त्या दिवसापर्यंत ती रडली नव्हती.

तेव्हाच मी ठरवलं की परत जायच्या आधी हे सगळं एका ठिकाणी नीट लावून द्यायचं. सगळ्या डिस्कमधलं शूटिंग मी त्या काळ्या कॉम्प्युटरवर घेतलं, गावांप्रमाणे लावलं आणि कॉम्प्युटर पुढच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. म्हणजे ते घरचं मीडिया सर्व्हर झालं. आईला टीव्हीवर बघता येईल आणि मला तिकडून माझ्या फोनवर. पण ते यंत्र चोवीस तास चालू ठेवण्यासारखं नव्हतं. ते तापायचं, पंखा भणभणायचा. म्हणून काही वेळ कुणी वापरलं नाही की त्याने झोपी जायचं, आणि लागेल तेव्हा त्याला लांबून जागं करायचं, अशी सोय मी केली. झोपलेल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड अर्धवट जागं असतं. त्याच्यापर्यंत एक ठरावीक निरोप पोचला की ते बाकीच्या यंत्राला उठवतं. तो निरोप नेदरलँड्समधून आमच्या घरात शिरावा म्हणून घरच्या राउटरमध्ये मी एक वाट मोकळी ठेवली. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, नेटवर्कचं मला बेताचंच कळतं. इंटरनेटवर वाचून वाचून केलं आणि ते चाललं.

आईला रिमोटची बटणं शोधावी लागू नयेत म्हणून आणखी एक केलं. यंत्र जागं झालं की टीव्ही आपोआप लागायचा आणि शेवटी बघितलेला व्हिडिओ तिथूनच पुढे सुरू व्हायचा.

मी परत गेले. पहिले काही आठवडे ठीक गेले. आई फोनवर सांगायची, आज भऱ्याचं लग्न बघितलं, आज कोळवणची जत्रा बघितली. लग्न कुणाचं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती आवाजाची वाट बघत बसायची. त्याचं बोलणं कुठे येतं ते तिला पाठ होत चाललं होतं. थंडी पडल्यावर तिने यंत्रावर शाल घातली. आबांनी काढली, तिने परत घातली. ते गरम होऊन बंद पडेल असं मी समजावल्यावर शाल खाली अंथरली.

मग एका दुपारी तिचा फोन आला. मी ऑफिसात होते.

"तू लावलंस व्हय गं आत्ता?"

"काय?"

"टीव्ही. मी भांडी घासत व्हते. आपसूक लागला आन् त्येचा आवाज आला."

"मी न्हाई लावला, आई. मी कामात हाय."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, लाइट गेली-आली असेल, त्याने झालं असेल. तेवढ्यावर मी सोडून दिलं. आईनेही परत कधी विचारलं नाही.

बऱ्याच दिवसांनी आबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करणारे नव्हेत. बोलतानाच्या वाऱ्यावरून कळलं की ते घराबाहेर, बांधावर कुठेतरी उभे आहेत.

"बाळा, ते येंत्र बंद करता येतं का?" त्यांनी विचारलं.

"का? काय झालं?"

"ते मधनंच लागतं. कवा सकाळी, कवा दुपारी. त्येला टायम न्हाई. आन् तुजी आई घरातनं हलतच न्हाई. रानात येत न्हाई, भावकीत लगीन व्हतं तर तितंबी न्हाई आली. म्हनली, मी गेले आन् लागलं तर?"

"लागलं तर लागलं. नंतर बघता येतं की तिला."

"तसं न्हाई." आबांनी आवाज खाली घेतला. "ती म्हनती, त्येला बोलायचं आसलं की त्यो लावतुया. मी म्हनलं, आगं येंत्र हाय ते. तर मला म्हनती, तुमी गप ऱ्हावा."

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

"जेवती का?" मी विचारलं.

"ताट घेऊन टीव्हीम्होरं बसती. आवाज आला की घास तसाच ऱ्हातो."

त्या शनिवारी मी ते प्रकरण उलगडायला घेतलं. घरच्या राउटरमधून कोण काय आत येतंय ते बघितलं आणि थक्क झाले. मी मोकळ्या ठेवलेल्या वाटेवर जगभरातून सतत टकटक चाललेली होती. कुणी माणूस नव्हता त्यामागे. असे प्रोग्रॅम असतात, ते दिवसरात्र इंटरनेटवर फिरत दारं तपासत असतात, कुठलं उघडं सापडतंय ते बघत. कुणी आमच्या घराच्या शोधात नव्हतं. कुणाला मुळशी ठाऊक नव्हती. पण भावाच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड असं लावलेलं होतं की त्याच्या नावावर काहीही आलं तरी त्याने उठायचं. दूरच्या कुठल्या तरी देशातला एखादा प्रोग्रॅम दार हलवून पुढे जायचा, आणि माल्यात माझी आई भांडी टाकून टीव्हीसमोर धावायची.

दुरुस्ती अवघड नव्हती. राउटरमधली ती वाट मी बुजवून टाकली. कार्डाला सांगितलं की उठवायचा तो खास निरोप आला तरच ऊठ, बाकी कशालाही नाही. त्या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात, आणि त्यात त्या यंत्राचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो, त्यामुळे चुकून असा निरोप तयार होत नाही. तो पाठवायला घरातच काडेपेटीएवढी एक डबी, म्हणजे छोटासा कॉम्प्युटरच, कायम चालू राहणार होती. पुण्यातल्या मैत्रिणीने ती तयार करून माल्याला नेऊन दिली, आबांनी राउटरला जोडली. त्या डबीपर्यंत फक्त मीच पोचू शकत होते, कुलूपबंद रस्त्याने. मी निरोप पाठवून बघितला. आबा म्हणाले, लागलं. मग ते झोपी गेलं आणि झोपलेलंच राहिलं.

मी आठवडाभर ते लावलं नाही. आबांचं आणि माझं तसंच ठरलं होतं. थोडे दिवस जाऊ देत, तिची सवय मोडेल.

आईनेच फोन केला.

"येंत्र बिघडलंय वाटतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मिक्सर बिघडलाय असं सांगावं तसा.

मला थाप मारता आली असती. आबांना तेच हवं होतं. पण मला ते जमलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. वाट, टकटक, फिरणारे प्रोग्रॅम. तिला समजेल अशा शब्दांत सांगायचा प्रयत्न केला.

"म्हंजी कोन व्हतं ते?" तिने विचारलं.

"कुनीच नव्हतं, आई. मशिनं असत्यात. आपसूक फिरत्यात."

"त्येंना काय पायजे व्हतं?"

"काही न्हाई. दार उघडं हाय का एवढंच बघत व्हती."

फोनमध्ये आमच्या कोंबड्यांचा आवाज येत होता. नंतर आईने नाक ओढलं.

"मला काय कळत न्हाई व्हय गं," ती म्हणाली. "माती झालीया त्येची. राख सावडलीया ह्या हातांनी. त्यो कुटनं लावनार? पर कुनीतरी लावतुया, एवढ्यावर दीस निघायचा. दुपार लई मोठी आसती."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आता कुनीबी न्हाई लावनार मग?" तिने विचारलं.

"मी लावीन," मी म्हणाले. "रोज. संध्याकाळी. तू दिवा लावलास की मी लावीन, आन् आपन दोघी बघू."

तेव्हापासून आमचं ते सुरू झालं. तिच्याकडे दिवेलागण असायची, माझ्याकडे दुपार. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खिडकीपाशी बसायचे, फोनवरून निरोप पाठवायचे आणि लगेच आईला फोन लावायचे. थोडा वेळ जायचा. मग तिकडून पंख्याची घरघर ऐकू यायची आणि आई म्हणायची, "उठलं." माझ्याकडे चित्र जरा मागून यायचं. त्यामुळे तिला त्याचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मला तिच्या फोनमधून एकदा, माझ्या फोनवर एकदा, असा दोनदा. लाइट जाऊन आली असेल तर निरोप पोचूनही यंत्र उठायचं नाही, मग आबांना बटण दाबावं लागायचं. कुरकुरत का होईना, ते दाबायचे. थोड्या दिवसांनी तेही बसायला लागले, खुर्ची जरा लांब ठेवून.

दिवसा आई रानात जाऊ लागली. आबांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही बोलण्याच्या ओघात.

एके दिवशी भऱ्याची एक बाई घरी आली. तिचे वडील नुकतेच वारले होते. चुलतबहिणीच्या हळदीत ते नाचले होते आणि शूटिंग माझ्या भावाने केलं होतं, एवढं तिला आठवत होतं. दिलेली सीडी घरात कुठे गेली त्याचा पत्ता नव्हता. नेमकी संध्याकाळची वेळ होती, मी फोनवर होते.

"असंल का ओ, काकू?" ती आईला विचारत होती.

"हाय," आई म्हणाली. "लाल फेटा, आन् एका पायात चप्पल न्हाई. त्येच ना?"

बाई "व्हय" म्हणाली. आईने मला सांगितलं, भरे उघड, तिसरं लग्न, बायकांचं जेवण झाल्यानंतरचं. मी ते लावलं. म्हातारा दोन्ही हात वर करून नाचत होता, चप्पल मांडवात कुठेतरी उडाली होती, पोरं भोवती टाळ्या वाजवत होती. भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणाला, "काका, हिकडं बघून नाचा, हिकडं." म्हाताऱ्याने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि बोळकं पसरून हसला.

फोनमध्ये मला दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता. कुणाचा कुठला ते कळत नव्हतं. नंतर आईने चहा टाकला. जाताना ती बाई म्हणाली, "तुमच्या पोराचा आवाज लई गोड हाय." आई म्हणाली, "व्हय. शाळेत गानं म्हनायचा."

ही गोष्ट पसरली. पौडहून, पिरंगुटहून लोक यायला लागले. कुणाची आजी, कुणाची लेक, कुणाचा मित्र. काहींची माणसं सापडायची, काहींची नाही. नाही सापडलं की आईला वाईट वाटायचं, ती पुढचे काही दिवस शोधत राहायची. मी लागेल तो तुकडा काढून त्यांच्या फोनवर पाठवायचे. प्रत्येक तुकड्यात कुठे ना कुठे तो बोलायचा, आणि तो आता त्या घरांतही गेला.

असं करत पुढचा पावसाळा आला. त्याचं वर्षश्राद्ध झालं. मला रजा मिळाली नाही. नंतर एका दुपारी मी निरोप पाठवायच्या आधीच आईचा फोन आला.

"आज नगं लावूस. लावनी चाललीया, सकाळपास्नं चिखलात हाय. पाठ धरलीया."

"बरं," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग कधी पाहुणे, कधी भजन. आठवड्यातून एखाद्या वेळी आम्ही बघायचो. आबांना बरं वाटत होतं. मलाही वाटायला हवं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जेवणाच्या सुट्टीत मला दुसरं काहीच करता येत नाही. मी डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. आईला सांभाळायचं म्हणून मी इतके महिने तिथे बसत होते, आणि आता ती उठून रानात गेली होती आणि मी खिडकीपाशीच होते. मग मी तिला न सांगता लावायला लागले. टीव्हीची जोडणी मी लांबूनच तोडायचे, म्हणजे तिकडे आवाज होणार नाही. माल्यातल्या रिकाम्या घरात यंत्र उठायचं आणि इथे मी एकटी बघायचे.

अशाच एका दुपारी मुठे गावातल्या एका लग्नाचं कच्चं शूटिंग मिळालं. नवरी यायला उशीर होता. त्याने कॅमेरा चालूच खुर्चीवर ठेवला होता. चित्रात मांडवाचं पिवळं कापड वाऱ्याने हलत होतं, बाकी काही नाही. मी पुढे ढकलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां ताई," तो म्हणाला.

माझा हात थांबला.

"शूटवर हाय गं. नवरीच आली न्हाई अजून. तू जेवलीस का? ... मग जेव की. ... रडतीस कशाला? ... बरं, बरं. संध्याकाळी करतो मी. ठेव आता."

त्याने फोन ठेवला. शेजारी कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, ते ऐकू येत नाही.

"माझी ताई," तो म्हणाला. "तिकडं एकटीच हाय ना. आसं करती मधनंच."

मग कुणीतरी "नवरी आली" म्हणून हाळी दिली, त्याने कॅमेरा उचलला, मांडवाचं कापड सर्रकन तिरकं झालं आणि सनई सुरू झाली.

तो फोन मला आठवत नाही. कुठल्या दिवशी, कशासाठी रडले होते, संध्याकाळी त्याने परत केला का, काहीच आठवत नाही. मी किती आठवून बघितलं. ऑफिसमधली एक बाई विचारायला आली, बरं वाटत नाही का. मी मानेनेच बरं आहे म्हटलं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे जेवणं व्हायच्या सुमारास, मी आईला फोन केला. काय सापडलं ते सांगायला सुरुवात केली आणि मुठ्याचं लग्न म्हणताच ती म्हणाली, "पिवळा मांडव."

"तू बघितलंयस?"

"कवाच बघितलंय."

"मग मला सांगितलं न्हाईस?"

"तुला काय सांगू? लांब हायेस. रडत बसली असतीस आन् तितं जवळ घ्यायला कोन हाय? मी रोज ते टाळून पुढचं लावायला सांगायचे तुला." मागे आबा काहीतरी विचारत होते, तिने त्यांना हातानेच गप केलं असावं. "आता सापडलंय तर उद्या लाव. उद्या मी दुपारनंतर रानात जात न्हाई. आपन दोघी बघू."